ऑपरेशन पोटाचं, मग चौकशी खोकल्याची का?

ऑपरेशन असतं हर्नियाचं नाहीतर पित्ताशयाचं, आणि आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ येऊन विचारतात काय, तर खोकला आहे का, कफ पडतो का, पडतो तर सकाळी जास्त की दिवसभर, रंग कसा, बिडी-सिगारेट किती, जिना चढताना दम लागतो का. पोटाकडे ढुंकूनही बघत नाहीत. पेशंटचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असतो, एका काकांनी तर मला सरळ विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही चुकून माझ्याकडे आलात का?" वर आणखी ते तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं खेळणं हातात देतात आणि म्हणतात यातून श्वास आत ओढा.

मी भूल देते, हेच माझं काम. त्यामुळे हे प्रश्न रोज विचारते आणि रोज घाईत "भुलीसाठी लागतं हो" एवढंच सांगून पुढच्या पेशंटकडे जाते. आज जरा बसून सांगते.

आधी कफाची बाजू घेते

कफ म्हटलं की आपण तोंड वाकडं करतो. नाकात असला की शेंबूड, छातीत असला की कफ आणि बाहेर पडला की बेडका, माल तोच, पत्ता बदलला की नाव बदलतं. पण निरोगी माणसाच्या श्वासनळीतही हा चोवीस तास तयार होत असतो आणि तो तसा व्हायलाच हवा. आपण दिवसाला साधारण 10,000 लिटर हवा आत ओढतो, त्यात धूळ, धूर, परागकण, जंतू सगळं आलं. हे सगळं फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसलं असतं तर काही वर्षांत फुप्फुसाची गाळाने भरलेली विहीर झाली असती.

कफात 95 टक्क्यांच्या वर पाणीच असतं. बाकी थोडं मीठ, जंतूंना मारणारी काही प्रथिनं, आणि म्युसिन नावाचे लांब चिकट धागे. त्या धाग्यांमुळे कफाला ताण येतो, तार सुटते. हवेतला कचरा नळीच्या भिंतीवर आदळला की या चिकट थरात अडकतो. माश्या पकडायचा चिकट कागद असतो ना, तसाच, फक्त हा कागद स्वतःहून पुढे सरकत राहतो, आणि खरी गंमत त्या सरकण्यातच आहे.

अंगावर लव असते, तशी नळीच्या आतही असते

श्वासनळीच्या आतल्या पेशींवर अतिशय बारीक केसांसारखे तंतू असतात, त्यांना सिलिया म्हणतात, मी इथे नुसतं लव म्हणते. एका पेशीवर साधारण 200, लांबी 6-7 मायक्रोमीटर, म्हणजे डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाएवढी. ही लव सेकंदाला 10 ते 15 वेळा फटका मारते. सगळे तंतू एकदम मारत नाहीत, एकामागून एक मारतात, वाऱ्याने उभ्या पिकात लाट पळत जाते तशी. आणि ती लाट कफाचा थर वर, घशाच्या दिशेने ढकलते. बांधकामावर माणसं रांगेत उभी राहून घमेलं एका हातातून दुसऱ्या हातात देत वर पोचवतात ते बघितलंय ना, तोच प्रकार.

आता एक बारकावा, हा लक्षात ठेवा कारण भुलीची अर्धी गोष्ट इथेच आहे. लव थेट कफात बुडालेली नसते. तिच्याभोवती पातळ पाण्यासारखा थर असतो, अगदी तिच्या उंचीएवढा, आणि कफाचा चिकट थर त्याच्यावर तरंगतो. पुढे फटका मारताना लव ताठ होते आणि तिची टोकं तेवढी कफात रुततात, मागे येताना मात्र ती वाकून पातळ पाण्यातून गुपचूप परत येते. म्हणून कफ पुढेच जातो, पुढेमागे हेलकावे खात बसत नाही. तो पाण्याचा थर आटला की लव डिंकात अडकली, मग ती जिवंत असूनही काही उपयोग नाही.

मुख्य श्वासनळीत या सरकत्या जिन्याचा वेग मिनिटाला साधारण 5 ते 10 मिलिमीटर. श्वासनळी 10-12 सेंटिमीटर लांब, म्हणजे तळापासून घशापर्यंत यायला 10 ते 25 मिनिटं. आतल्या बारीक नळ्यांत हाच वेग खूप कमी. वर आलेला कफ आपण नकळत गिळतो, पोटातलं आम्ल त्याचा निकाल लावतं. हो, तुम्हीपण, आत्ता हे वाचतानाही. मेंदूला यातलं काही विचारावं लागत नाही, पेशी शरीराबाहेर काढून काचेवर ठेवल्या तरी लव काही वेळ हलत राहते.

आणि जिना बंद पडला तर?

तर खोकला. तो या व्यवस्थेचा जनरेटर. आधी खोल श्वास, मग स्वरयंत्राचं दार घट्ट बंद, मग पोटाचे आणि छातीचे स्नायू दाबून आत प्रेशर तयार करायचं आणि एकदम दार उघडायचं. सुटणारा वारा कफ ओरबाडून घेऊन येतो. पण दोन अडचणी आहेत. एक म्हणजे हा वारा मोठ्या नळ्यांतच जोरात असतो, अगदी आतल्या बारीक नळ्यांत खोकल्याची मात्रा चालत नाही, तिथे लवच हवी. दुसरी म्हणजे लवेला मेंदू लागत नाही पण खोकल्याला लागतो, शिवाय नसा, स्नायू, स्वरयंत्र, सगळंच धड लागतं.

खोकल्यावर आयुष्य काढणारी माणसं असतात. काही जणांची लव जन्मतःच हलत नाही. त्यांना लहानपणापासून सर्दी, सायनस, छातीत कफ कायमचा, आणि त्यातल्या जवळपास निम्म्या लोकांचं हृदय उजवीकडे असतं! कारण गर्भात डावं-उजवं ठरवायचं कामही अशाच हलणाऱ्या तंतूंकडे असतं. कार्टाजेनर नावाच्या डॉक्टरांनी 1933 मध्ये उजवीकडचं हृदय, सायनस आणि खराब झालेल्या श्वासनळ्या ही तिकडी नोंदवली, पण मुळात दोष लवेतला आहे हे कळायला 1976 उजाडलं. विषयांतर झालं, पण मला हे दरवेळी भारी वाटतं.

भूल दिली की काय होतं

पूर्ण भूल दिली की यातलं जवळजवळ सगळंच एका तासाच्या आत बंद किंवा मंद होतं. कोणी मुद्दाम करत नाही, पण होतं.

पहिलं जातं नाक. नाकाला आपण वास घ्यायचं यंत्र समजतो, पण त्याचं खरं काम हवा गरम आणि ओली करणं हे आहे. नाकातून गेलेली हवा श्वासनळीच्या फाट्यापलीकडे पोचेपर्यंत 37 अंश गरम आणि पूर्ण दमट झालेली असते, दर लिटरमागे 44 मिलिग्रॅम पाणी. आता आम्ही तोंडातून थेट श्वासनळीत ट्यूब घालतो, नाक राहिलं बाजूला. आणि त्या ट्यूबमधून जो ऑक्सिजन येतो तो पाइपलाइनमधून, गार आणि जवळपास ठणठणीत कोरडा. पाण्याचा अंश राहू दिला तर व्हॉल्व्ह खराब होतात म्हणून तो कोरडाच ठेवतात. असा वारा तासन्‌तास मारत राहिला तर नळी स्वतःचं पाणी देऊन तो ओला करत बसते आणि मघाशी सांगितलेला तो लवेभोवतीचा थर आटायला लागतो. कफ घट्ट, लव अडकलेली.

मग ट्यूबचा फुगा. ट्यूबच्या टोकाजवळ एक छोटा फुगा असतो, हवा बाजूने निसटू नये आणि पोटातलं काही फुप्फुसात जाऊ नये म्हणून तो फुगवतात. तो लागतोच. पण खालून वर येणाऱ्या कफासाठी तो म्हणजे जिन्याच्या मधोमध बांधलेली भिंत. कफ त्याच्याखाली साचत राहतो.

झोप टिकवायला जी वायुरूप औषधं देतो, आयसोफ्लुरेन, सेवोफ्लुरेन वगैरे, ती लवेचा वेग कमी करतात, डोस जास्त तसा परिणाम जास्त. भरपूर ऑक्सिजन बराच वेळ दिला तरी कफ सरकायचा वेग उतरतो. आणि खोकला? स्नायू सैल करायचं औषध दिलंय, मेंदू झोपलाय, वर फेंटानिलसारखं दुखणं मारणारं औषध आहे जे खोकल्याची उबळच दाबतं. जनरेटरही गेला.

एक आणखी गोष्ट आहे जी लोकांना माहीत नसते. पाठीवर झोपवून स्नायू सैल केले की फुप्फुसाचा पाठीकडचा, तळाचा भाग चेपतो आणि तिथले हवेचे फुगे मिटतात. थोड्याफार प्रमाणात हे 90 टक्के पेशंटमध्ये होतं, घाबरू नका, बहुतेकांचं आपोआप सुटतं. पण तिथेच एखाद्या नळीत कफाचं बूच बसलं तर त्याच्या पलीकडे कोंडलेली हवा रक्तात शोषली जाते आणि तो भाग मिटून जातो. साध्या हवेत नायट्रोजन असतो, तो लवकर शोषला जात नाही म्हणून टेकूसारखा थोडा वेळ आधार देतो. शुद्ध ऑक्सिजन असेल तर टेकूच नाही, भाग चटकन मिटतो. त्यामुळे "ऑक्सिजन जितका जास्त तितका चांगला" हे आमच्यात कोणी मानत नाही. भूल देताना सुरुवातीला साठा म्हणून भरपूर देतो, मग कमी करतो.

ईथरच्या काळात उलटा त्रास होता. 16 ऑक्टोबर 1846 ला बॉस्टनमध्ये मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने ईथरची भूल लोकांसमोर दाखवली आणि शस्त्रक्रियेचं जगच बदललं, पण ईथर घशाला असं झोंबायचं की लाळ आणि कफ नुसता वाहायचा. म्हणून आधी अॅट्रोपिन टोचून सगळं कोरडं करायची पद्धत पडली. आताची औषधं तशी झोंबत नाहीत, त्यामुळे सगळ्यांना सरसकट कोरडं करायची गरजही राहिली नाही.

मग तुम्ही तिथे बसून करता काय?

हा प्रश्न टोमण्यासारखा येतो पण रास्त आहे.

ट्यूबला काडेपेटीएवढी एक प्लास्टिकची डबी जोडलेली असते, तिला आम्ही फिल्टर म्हणतो. आत घडीचा कागद किंवा स्पंज. बाहेर जाणाऱ्या श्वासातली वाफ तिच्यात अडकते आणि पुढचा श्वास तीच वाफ घेऊन आत जातो. म्हणजे नाकाची नक्कल. अस्सल नाकाचे 44 मिलिग्रॅम नाही जमत, 30 च्या आसपास मिळतात, पण काम भागतं. दुसरं म्हणजे मशीनमध्ये ताजा वायू कमीत कमी सोडायचा आणि पेशंटचाच श्वास साफ करून परत फिरवायचा. साफ करायला जे पांढरे दाणे असतात तो मुख्यतः चुनाच, तो कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि शोषताना उष्णता आणि पाणी सोडतो. काय योगायोग बघा, कचरा काढणारी वस्तूच हवा गरम आणि ओली करून देते.

आणि कफ साचलाच तर सक्शन, बारीक नळी आत घालून ओढून घ्यायचा. लोकांना वाटतं मग सारखं सक्शन करत राहा की. पण ती नळी फक्त मोठ्या फांद्यांपर्यंत जाते, बहुतेकदा उजवीकडेच, जाताना भिंतीला ओरखडे काढते आणि कफाबरोबर आतला ऑक्सिजनही ओढून घेते. म्हणून गरज असेल तेव्हाच, 10-15 सेकंदांत आटपायचं.

एकदा एक तान्हं बाळ होतं टेबलावर, ट्यूब आतून साडेतीन मिलिमीटरची. सगळं छान चाललेलं, आणि मशीनवरचा प्रेशरचा आकडा हळूहळू चढायला लागला. 16, 18, 22. कार्बन डायऑक्साइडचा ग्राफ चौकोनी असतो तो तिरका व्हायला लागला. नळीची त्रिज्या निम्मी झाली की हवेला विरोध दुप्पट होत नाही, सोळापट होतो, त्यामुळे एवढ्याशा ट्यूबमध्ये तांदळाच्या दाण्याएवढा कफही पुरतो. सर्जनना हात थांबवायला सांगितलं, दोन थेंब सलाइन टाकून सक्शनची नळी घातली, सुर्र आवाज आला आणि मग एक पिवळट गोळी तिच्या टोकाला चिकटून बाहेर आली, सुकलेल्या डिंकासारखी. आकडा परत 15. सगळा प्रकार दोन मिनिटांचा. पण तेव्हापासून मी बाळाच्या केसमध्ये फिल्टर स्वतः हात लावून तपासते.

"स्पायनल द्या ना मग, भानगडच नको"

जमेल तिथे देतोच. कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर केला की नाक चालू, लव चालू, ट्यूब नाही, फुगा नाही. दम्याच्या किंवा जुन्या खोकल्याच्या पेशंटला पायाचं, कमरेखालचं ऑपरेशन असेल तर आमची पहिली पसंती बहुधा तीच. पण बधिरपणा छातीपर्यंत चढला तर पोटाचे स्नायूही ढिले पडतात आणि मग खोकल्याला जोर येत नाही. शिवाय ज्या माणसाला दर दोन मिनिटांनी खोकल्याची ढास लागते त्याला तासभर सपाट झोपवून सर्जनना त्याच्या हर्नियावर काम करायला लावा, ते काय म्हणतील ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"सिगारेट आदल्या दिवशी सोडून काय होणार"

धुराने लव आखूड होते, झडते आणि कफ करणाऱ्या पेशी वाढतात. म्हणजे माल वाढला आणि हमाल कमी झाले. सकाळी उठल्या उठल्या जो खोकला येतो तो रात्रभर साचलेला माल.

आदल्या दिवशी सोडल्याने लव परत येत नाही, बरोबर. पण रक्तातला कार्बन मोनॉक्साइड 12 ते 24 तासांत बराचसा उतरतो आणि रक्ताला ऑक्सिजन नेता येतो, तेवढाही फायदा मोठा आहे. छातीच्या तक्रारी खऱ्या अर्थाने कमी व्हायला निदान 4 आठवडे लागतात, 8 मिळाले तर उत्तम.

एक समज आहे, काही डॉक्टरांच्याही तोंडी असतो, की ऑपरेशनच्या थोडंच आधी सोडली तर कफ वाढतो आणि धोका जास्त, त्यापेक्षा ओढत राहा. सोडल्यावर काही आठवडे काहींना कफ जास्त पडतो हे खरं, पण त्यामुळे ऑपरेशनमधला धोका वाढतो याला नंतरच्या एकत्रित अभ्यासांत आधार सापडला नाही. त्यामुळे हा बहाणा चालायचा नाही, आज सोडा.

"साधी सर्दी आहे हो, पोराची तारीख पुढे कशाला"

आईवडील सगळ्यात जास्त चिडतात ते इथे, आणि मला त्यांचा राग कळतो, रजा काढलेली असते, पोराला उपाशी ठेवलेलं असतं. पण सर्दीचा विषाणू नेमका लव असलेल्या पेशींवरच बसतो आणि त्या सोलून काढतो. नाक वाहायचं थांबलं तरी नवीन लव उगवायला काही आठवडे जातात, तोवर खालच्या नसा उघड्या पडल्यासारख्या चिडक्या असतात. अशात ट्यूब किंवा नुसता थेंबभर कफ स्वरयंत्राला लागला तरी ते गच्च मिटतं, हवा आतही नाही आणि बाहेरही नाही. नुसतं पाणी गळणारं नाक असेल, पोरगं खेळत असेल तर बऱ्याचदा करतो आम्ही. पण ताप, ओला खोकला, छातीत घरघर असेल आणि ऑपरेशन थांबण्यासारखं असेल तर 2 ते 4 आठवडे थांबतो.

"मग कफ सुकवायचं औषध द्या ना"

नको! अडचण सुकण्याचीच आहे. सर्दीची जी औषधं नाक कोरडं करतात ती कफही घट्ट करतात आणि खोकला दाबणारं सिरप तर जनरेटरची वायरच काढतं. ऑपरेशन जवळ आलं असताना मेडिकलमधून स्वतःच्या मनाने काही आणू नका. पाणीही काही लोक आदल्या संध्याकाळपासून बंद करतात, उगाच. जेवण 6 तास आधी बंद, पण साधं पाणी बहुतेक मोठ्या माणसांना 2 तास आधीपर्यंत चालतं. तुमच्या भूलतज्ज्ञांना विचारा, काही आजारांत वेगळं असतं.

ते तीन गोळ्यांचं खेळणं

ट्यूब निघाली, पेशंट जागा झाला, पण काम तिथे संपत नाही. पोटाच्या वरच्या भागात टाके असतील तर खोल श्वास घेतला की कळ येते, म्हणून माणूस वरवरचा श्वास घेतो आणि खोकला तर दात आवळून दाबतो. लव अजून पूर्ण जागी झालेली नाही, आतमध्ये कफ साचलेला आहे, आणि आता मालकही सहकार्य करत नाही. निमोनिया व्हायचा तो बहुधा पुढच्या दोन-चार दिवसांत होतो.

म्हणून दुखण्याचं औषध मागून घ्या, सहन करण्यात काही मोठेपणा नाही, दुखलं नाही तरच खोकता येतं. उशी टाक्यांवर घट्ट धरून खोका, टाके तुटत नाहीत. खोकवत नसेल तर काचेवर वाफ धरतो तसं तोंड उघडं ठेवून "हा" करून जोरात सोडा, त्यानेही कफ वर येतो. लवकर उठून बसा, चाला. आणि त्या खेळण्यात फुंकायचं नसतं, ओढायचं असतं! दहातले निम्मे लोक फुंकतात. सावकाश ओढून गोळ्या दोन-तीन सेकंद वर धरायच्या, म्हणजे मिटलेले फुगे उघडतात आणि कफाच्या बुचाच्या मागे हवा जाते. मागे हवाच नसेल तर खोकून बूच उडणार कसं.

मघाचे ते काका, ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी राउंडला गेले तेव्हा, ओशाळे होऊन बसले होते. रात्री खोकताना एक मोठा, घट्ट, नळीच्या आकाराचा बेडका पडला होता आणि काकूंनी तो ट्रेमध्ये झाकून ठेवला होता, डॉक्टरला दाखवावा की नाही म्हणून. मी बघितला. बोटावर लावलेला ऑक्सिजनचा चिमटा आदल्या संध्याकाळी 91 दाखवत होता, तो आता 96 वर होता.